विजेचा सांडवा

नरकचतुर्दशीला सगळ्यांनी सूर्योदयाआधी आंघोळ उरकायची, हा आमच्या आईचा दंडक. गेल्या वर्षी तो एकट्या भाच्याने मोडला. तो घरात शिरला तेव्हा आमची फराळाची ताटं अर्धी रिकामी झाली होती. तो मुंबई विमानतळावर देखभाल इंजिनिअर आहे. रात्रपाळी संपवून थेट आलेला, डोळे तांबारलेले, अंगाला तेलाचा वास, आणि तो अभ्यंगाचा नव्हता.

"रात्री एका विमानाला वीज लागली होती," बुटाच्या नाड्या सोडता सोडता तो म्हणाला.

आईच्या हातातली चकली पुन्हा ताटात गेली. "अरे देवा! आणि माणसं?"

"माणसं आपापल्या घरी झोपली असतील, आजी. निम्म्यांना कळलंही नसेल. झोप उडाली ती आमची."

चहा होईपर्यंत त्याने अंगणात जाऊन रांगोळीच्या डब्यातून चिमूट उचलली आणि फरशीवर विमान काढलं. नाकाच्या जरा मागे एक ठिपका ठेवला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, अशी ओळ शेपटीच्या दिशेने नेली.

"वीज नाकाजवळ चिकटली. आता विमान पुढे पळतंय, पण विजेचा लोळ हवेत जागच्या जागी आहे. मग ती अंगावरून अशी उड्या मारत मागे जाते. एकेक ठिपका म्हणजे बोटाच्या पेराहून लहान डाग. कुठे रंग उडालेला, कुठे रिव्हेटचं डोकं वितळून खडबडीत झालेलं. शिडी लावायची, टॉर्च तिरका धरायचा आणि मोजत जायचं."

"किती सापडले?"

"शिरल्याचे डाग अर्ध्या तासात मिळाले, मामा. बाहेर कुठून पडली ते सापडायला साडेतीन वाजले. शेपटीच्या कडेला एक स्टॅटिक विक असते, पेन्सिलीएवढी काडी. तिचं टोक जळालं होतं."

"आणि सापडलंच नसतं तर?"

"तर विमान सोडलं नसतं," तो म्हणाला आणि आंघोळीला गेला.

आई दारात उभी राहून ऐकत होती. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. धरणाची भिंत कुणीही उभी करेल, सांडवा कुठून काढायचा ते कळायला हवं, असं ते नेहमी म्हणायचे. आई ठिपक्यांकडे पाहत म्हणाली, "म्हणजे हेही तुझ्या बाबांसारखंच. आलेलं पाणी कुठून बाहेर जातं ते आधी बघायचं."

त्या दोन वाक्यांनी मला या विषयाच्या नादी लावलं. वाचत गेलो, भाच्याला आणि त्याच्या ओळखीच्या लोकांना छळत गेलो, तसं लक्षात आलं की गेल्या साठ वर्षांत विमान आणि वीज यांच्यामध्ये जे काही शास्त्र उभं राहिलं, ते विजेला अडवण्याचं नाहीच. ते तिला वाट काढून देण्याचं आहे. आणि ती वाट खरोखर आपण म्हणतो तिथूनच जाते का, हे पुन्हा पुन्हा तपासण्याचं आहे.

* * *

प्रवासी विमानाला सरासरी वर्षातून एकदा तरी वीज लागते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मात्र ती आभाळातून नेम धरून विमानावर पडते, ही आपली समजूत बहुतेक वेळा चुकीची असते. दहापैकी सुमारे नऊ वेळा वीज विमानच ओढवून घेतं. ढगात विद्युतभार साठलेला असतो, पण वीज चमकण्याइतका ताण कुठेच झालेला नसतो. अशा जागी साठ मीटर लांबीची धातूची वस्तू शिरते. तिच्या टोकांपाशी, म्हणजे नाक, पंखांची टोकं आणि शेपूट यांच्याजवळ विद्युतक्षेत्र एकवटतं, कित्येक पट वाढतं आणि हवा फुटते. एका टोकाकडून एक शाखा वाढू लागते, काही सहस्रांश सेकंदांत उलट्या भाराची दुसरी शाखा दुसऱ्या टोकाकडून निघते. दोन्ही ढगातल्या विरुद्ध भारांना जाऊन भिडल्या की मधलं विमान त्या तारेचा एक तुकडा होऊन जातं.

म्हणून बहुतेक वेळा हे घडतं ते चढताना किंवा उतरताना, जिथे तापमान शून्याच्या आसपास असतं अशा पावसाळी ढगात. तिथे त्याआधी वीज चमकलेली असेलच असं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वीज टिपणाऱ्या संवेदकांचं जाळं उभारलं आहे, आणि त्यावर चालणारं 'दामिनी' हे ॲप आज शेतातल्या माणसाच्या खिशात असतं. जवळपास वीज पडतेय, आडोशाला जा, असं ते त्याला सांगू शकतं. वैमानिकाला अशी सूचना अर्धीच उपयोगी पडते. गडगडाटी ढग तो रडारवर पाहतो आणि निदान वीस मैल लांबून जातो. पण जी वीज त्याचं विमान तिथे गेल्यावरच जन्माला येणार आहे, तिची आगाऊ खबर कोण देणार?

तेव्हा ती लागणारच, हे धरून चालायचं. प्रवाशांपुरता प्रश्न मायकेल फॅरेडेने १८३६ मध्येच सोडवला होता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याने बारा फुटी चौकोनी खोका बनवला, बाहेरून धातूने मढवला, त्यावर ठिणग्यांचा मारा करवला आणि संवेदनशील उपकरणं घेऊन स्वतः आत बसला. बाहेर लखलखाट चाललेला, आत काहीही नाही. ॲल्युमिनियमचं विमान म्हणजे तोच खोका, फक्त उडणारा. मात्र विमानाच्या खोक्याला खिडक्या असतात, झाकणं असतात, हजारो सांधे असतात. आणि पंखांत इंधन असतं.

* * *

८ डिसेंबर १९६३ ची रात्र. पॅन अ‍ॅमचं बोइंग ७०७ विमान, उड्डाण क्रमांक २१४, पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून बाल्टिमोरमार्गे फिलाडेल्फियाला निघालं होतं. फिलाडेल्फियावर वादळ होतं, म्हणून विमानाला आभाळातच घिरट्या घालत थांबायला सांगितलं. नऊ वाजायला काही क्षण असताना त्याला वीज लागली. डावा पंख पेटला, त्याचं टोक तुटलं आणि मेरिलँडमधल्या एल्कटन गावाबाहेरच्या मक्याच्या शेतात विमान कोसळलं. ७३ प्रवासी आणि ८ कर्मचारी, एकही वाचला नाही.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की डाव्या पंखाच्या टोकाकडच्या राखीव टाकीत इंधनाची वाफ आणि हवा यांचं मिश्रण होतं, ते विजेने पेटलं. त्या काळी दोन प्रकारची इंधनं सर्रास एकमेकांत मिसळत. त्यांतलं एक फार लवकर वाफाळणारं होतं. पंखावर विजेचे डाग सापडले. ती नेमक्या कोणत्या वाटेने वाफेपर्यंत पोचली, याचा मात्र छडा लागला नाही.

या अपघातानंतर अमेरिकी नियामकांनी जेट विमानांना स्टॅटिक विक बसवायला लावल्या. भाच्याने सांगितलेल्या त्या काड्या याच. त्या वीज थोपवत नाहीत. पाऊस आणि हिमकणांशी घासून विमानावर जो भार साठतो, तो त्या हळूहळू हवेत सोडतात, नाहीतर रेडिओत खरखर सुरू होते. म्हणजे पहिला उपाय झाला तो जरा अंधारात चाचपडतच. खरे उपाय पुढे टप्प्याटप्प्याने आले: कमी वाफाळणारं इंधन, टाकीवर विशिष्ट जाडीचा पत्रा, झाकणांची आणि हवा जाण्याच्या तोंडांची नवी रचना. टाकीवरच्या ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे दोन मिलिमीटर हवा, कारण त्याहून पातळ पत्र्याला रेंगाळणारी वीज भोक पाडू शकते, हा ठोकताळा त्यातूनच रूढ झाला.

इंधनाच्या टाकीत किती ठिणगी चालेल? नियमांमागे जो आकडा आहे तो २०० मायक्रोज्यूल. एवढ्या ऊर्जेची ठिणगीसुद्धा वाफ पेटवू शकते असं धरायचं. तांदळाचा एक दाणा जमिनीवरून मीटरभर उचलायला साधारण एवढीच ऊर्जा लागते. बाहेरून लाखो ॲम्पियरचा लोळ जात असताना आत तांदळाच्या दाण्याएवढीही चूक चालत नाही.

* * *

विजेची वाट ठरवायची तर आधी वीज मोजायला हवी. जमिनीवर पडणारी वीज मोजण्याचं काम स्वित्झर्लंडमध्ये कार्ल बर्गर यांनी केलं. लुगानोजवळच्या माँटे सान साल्वातोरे डोंगरावर मनोरे उभारून १९४० च्या दशकापासून कित्येक वर्षं ते येईल ती वीज नोंदवत राहिले. नेहमीच्या विजेचा पहिला झटका मध्यम हिशेबाने ३० हजार ॲम्पियरचा, हे त्यांच्या नोंदींतून कळलं. दोन लाख ॲम्पियर ओलांडणारी वीज शंभरात एखादी, किंवा तेवढीही नाही.

पण डोंगरावरचा मनोरा आणि उडणारं विमान एक नव्हे. म्हणून १९८० ते १९८६ या काळात अमेरिकेच्या नासाने एक विलक्षण उद्योग केला. एफ-१०६बी हे लढाऊ विमान घेतलं, विजेपासून त्याचा नीट बंदोबस्त केला, आत मोजमापाची उपकरणं भरली, आणि जिथून सगळे वैमानिक लांब पळतात तिथे ते मुद्दाम घुसवलं. १,४९६ वेळा ते वादळी ढगांतून गेलं. ७१४ वेळा त्याला वीज लागली. १९८४ मधल्या एका उड्डाणात ३८ हजार फुटांवर ४५ मिनिटांत ७२ वेळा! हे विमान आज व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

या उड्डाणांतून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. एक म्हणजे बहुतेक वेळा वीज विमानच ओढवून घेतं. दुसरी म्हणजे विमानाच्या अंगावरचं विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र किती झपाट्याने बदलतं, याचे खरे आकडे हाती आले. ही मोजमापं जमिनीवर संगणकाने केलेल्या गणिताशी ताडून पाहिली गेली. या लेखाचा पुढचा बराचसा भाग अशाच ताडून पाहण्याविषयी आहे.

* * *

एल्कटनच्या वेळी प्रश्न आगीचा होता. सहा वर्षांत दुसरा प्रश्न समोर आला. १४ नोव्हेंबर १९६९, अपोलो १२ फ्लोरिडाहून पावसात उडालं. साडेछत्तिसाव्या सेकंदाला वीज, बावन्नाव्या सेकंदाला पुन्हा वीज. दोन्ही वेळा ती रॉकेटने आणि त्याच्यामागच्या ज्वाळेने ओढवून घेतलेली. यानाचे इंधनघट बंद पडले, धोक्याचे दिवे पेटले, जमिनीवर येणारे आकडे अर्थहीन झाले. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात जॉन एरन नावाचा सव्वीस वर्षांचा इंजिनिअर बसला होता. अशीच विचित्र आकडेमोड त्याने साधारण वर्षभरापूर्वी एका जमिनीवरच्या चाचणीत पाहिली होती आणि तेव्हा तिचा पाठपुरावा केला होता. त्याने एक बटण फिरवायला सांगितलं. ते कुठे आहे हे कक्षातल्या वरिष्ठांनाही ठाऊक नव्हतं. यानातल्या ॲलन बीनला ठाऊक होतं. आकडे परत आले, यान चंद्रावर जाऊन आलं.

२६ मार्च १९८७ ला अ‍ॅटलस-सेंटॉर रॉकेटला मात्र असा कुणी भेटला नाही. उड्डाणानंतर मिनिटभराच्या आत वीज लागली. रॉकेटला भोक पडलं नाही, इंधन पेटलं नाही. मार्गदर्शन करणाऱ्या संगणकाच्या स्मृतीतली एक नोंद बदलली, एवढंच. त्या चुकीच्या नोंदीमुळे रॉकेट एकाएकी वळलं, वळण त्याला सोसलं नाही आणि ते मोडून पडलं. सोबतचा उपग्रहही गेला.

वीज अंगावरून जाते तेव्हा तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र खिडक्यांतून, सांध्यांतून आत झिरपतं आणि आतल्या तारांत प्रवाह उभा करतं. पूर्वी वैमानिकाच्या दांड्यापासून पंखाच्या झडपेपर्यंत लोखंडी दोर असे, त्याला या झिरपण्याचं सोयरसुतक नव्हतं. आता दांडा हलला की संगणकाला संदेश जातो आणि संगणक झडप हलवतो. त्यामुळे विमानातल्या उपकरणांच्या कसोटीत विजेचं स्वतंत्र प्रकरण आलं. डीओ-१६० या जगभर मानल्या जाणाऱ्या कसोटीसंहितेत विजेच्या झटक्यांच्या पाच पातळ्या आहेत. पाचव्या पातळीला उपकरणाच्या तारेवर ३,२०० व्होल्टपर्यंतची थरथर सोडतात. करमणुकीचा पडदा क्षणभर काळा झाला तर चालतो. उड्डाण सांभाळणाऱ्या संगणकाला तेवढीही सवलत नाही.

कारणं कधीकधी अगदी किरकोळ असतात. तारेवरचं जाळीदार कवच कनेक्टरपाशी चहूबाजूंनी दाबून बसवायचं असतं. तसं न करता ते पिळून एका शेपटीसारख्या तुकड्याने जोडलं, तर तो पाच सेंटिमीटरचा तुकडाही घात करू शकतो. कवचातून एका मायक्रोसेकंदात हजार ॲम्पियर चढले, तर तेवढ्या शेपटीवर पन्नासेक व्होल्ट उभे राहतात, आणि आतल्या चिपचं आयुष्य पाच व्होल्टमध्ये गेलेलं असतं. "हातभर वायरिंग नीट असतं रे," भाचा म्हणाला, "शेवटचे दोन इंच बघायचे असतात."

* * *

फॅरेडेचा खोका धातूचा होता. नव्या विमानांनी तोच बदलला. बोइंग ७८७ चं जवळजवळ निम्मं वजन आता कार्बन धाग्यांच्या कॉम्पोझिटचं आहे, एअरबस ए३५० चं ५३ टक्के. आपल्या तेजसमध्येही वजनाच्या सुमारे ४५ टक्के तेच आहे. हा पदार्थ आपल्यापासून लांबचा नाही. नागपूरच्या मिहानमध्ये ७८७ च्या केबिनच्या फरशीखालचे कॉम्पोझिटचे आडवे बीम बनत आले आहेत. हलका, मजबूत, न गंजणारा पदार्थ. पण वीज वाहून नेण्याच्या बाबतीत फार कंजूष. धाग्यांच्या दिशेनेसुद्धा त्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे हजाराव्या हिश्शाची. थरांच्या आरपार त्याहूनही कमी.

याचे दोन परिणाम होतात. जिथे वीज चिकटते तिथे उष्णतेने धाग्यांना बांधणारी राळ वाफ होऊन थर फुलतात, सुटतात. आणि आतला निवांतपणा जातो. दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या बाहेरून आत झिरपायला प्रवाहाला शंभराहून जास्त मायक्रोसेकंद लागतात. तोवर विजेचा मुख्य झटका बहुतांशी ओसरलेला असतो. कॉम्पोझिटच्या तीन मिलिमीटरमधून तो एका मायक्रोसेकंदाच्या दहाव्या हिश्शात आत येतो. भिंत आहे, पण ओल थांबत नाही.

इथे आईचं वाक्य मला खरं कळलं. इंजिनिअरांनी भिंत जाड केली नाही. जाड केली असती तर वजन वाढलं असतं आणि कॉम्पोझिट वापरण्याचा अर्थच गेला असता. त्यांनी सांडवा काढला. रंगाच्या थराखाली, कॉम्पोझिटच्या वर, कागदासारखी पातळ तांब्याची जाळी पसरली. पत्र्याला चिरा देऊन तो ताणला की जशी चौकटीचौकटीची जाळी होते, तशी. वीज लागली की त्या ठिकाणची जाळी वाफ होऊन उडून जाते आणि प्रवाह बाजूला पसरवते. ती जळण्यासाठीच असते; भाच्याच्या भाषेत, 'ती मरते म्हणून पंख जगतो'. नाकावरच्या रडारच्या टोपीवर मात्र जाळी चालत नाही, नाहीतर रडार आंधळं होईल. तिथे धातूच्या पट्ट्या किंवा बारीक बटणांच्या माळा चिकटवतात, त्यांच्यावरून वीज हवेतूनच उड्या घेत मागच्या धातूवर जाते.

ही जाळी किती नाजूक बाब आहे, ते २०२१ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. कतार एअरवेजच्या ए३५० विमानांचा रंग तडकला, काही ठिकाणी खालची जाळी उघडी पडली. विमान कंपनीने वीसहून जास्त विमानं जमिनीवर उभी केली. एअरबसचं म्हणणं होतं की हा पृष्ठभागाचा दोष आहे, सुरक्षेचा नाही. भांडण लंडनच्या न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोडीने मिटलं. कोट्यवधी डॉलरचा तो वाद शेवटी रंगाखालच्या जाळीभोवतीच फिरत होता.

* * *

सांडवा कागदावर काढला, पण पूर आल्यावर तो चालेल हे कशावरून? त्यासाठी पूर आणावा लागतो.

प्रयोगशाळेत वीज बनवण्याची युक्ती एर्विन मार्क्स या जर्मन इंजिनिअरने १९२४ मध्ये काढली. अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी जोडून भरायचे आणि सोडताना एकाखाली एक जोडल्यासारखे रिकामे करायचे. प्रत्येकाचा व्होल्टेज एकावर एक चढत जातो. पण विमानाची परीक्षा एका यंत्राने होत नाही. वीज कुठे चिकटेल हे पाहायला प्रचंड व्होल्टेज लागतो, प्रवाह थोडा चालतो. चिकटल्यावर ती काय करेल हे पाहायला प्रचंड प्रवाह लागतो, व्होल्टेज कमी चालतो. म्हणून दोन वेगळी यंत्रं.

प्रवाहाचेही चार अंक ठरलेले आहेत. पहिल्या अंकात दोन लाख ॲम्पियरचा झटका, जो पाचशे मायक्रोसेकंदांच्या आत संपतो. मग सरासरी दोन हजार ॲम्पियरचा मधला टप्पा, काही मिलिसेकंदांचा. मग दोनशे ते आठशे ॲम्पियरचा रेंगाळणारा प्रवाह, पाव ते एक सेकंद. हाच पत्र्याला भोक पाडतो, पहिला झटका फक्त दणका देतो. शेवटी एक लाख ॲम्पियरचा परतीचा झटका. विमानाचा कोणता भाग कोणत्या अंकाला तोंड देईल, तेही नकाशावर ठरलेलं असतं: नाकाला आणि पंखांच्या टोकांना पहिला झटका, पोटाला आणि पाठीला सरकत येणारा, बाकीच्या अंगाला फक्त वाहून जाणारा. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या मॉर्गन-बोट्टी प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असे झटके देतात.

सगळ्यांत अंगावर काटा आणणारी परीक्षा मात्र आवाजाची नाही, अंधाराची आहे. पंखाचा एक तुकडा घेतात, त्याच्या आतल्या बाजूला इंधनाची टाकी आहे असं समजून काळीकुट्ट पेटी बसवतात. पेटीत कॅमेरा, त्याची झडप उघडीच. बाहेरून दोन लाख ॲम्पियर सोडतात. बाहेरच्या खोलीत कानठळ्या बसवणारा स्फोट, डोळे दिपवणारा उजेड, आणि सगळ्यांचं लक्ष त्या कॅमेऱ्याच्या छायाचित्राकडे. कॅमेरा आधीच २०० मायक्रोज्यूलची ठिणगी टिपू शकतो ना, हे तपासून घेतलेलं असतं. छायाचित्रात एखाद्या रिव्हेटपाशी सुईच्या टोकाएवढा उजेडाचा ठिपका दिसला की तुकडा नापास. आपल्याकडे दिवाळीच्या रात्री अंगणात जे उडत असतं, त्यातली एक ठिणगीही तिथे चालली नसती.

* * *

मग प्रश्न येतो: पूर आणता येत असेल, तर संगणक कशाला? उत्तर सरळ आहे. अख्ख्या विमानावर दोन लाख ॲम्पियर सोडणं कुणाला परवडत नाही. पूर्ण विमानाच्या चाचणीत भोवती परतीच्या तारांचा पिंजरा उभारून बराच छोटा झटका देतात आणि निकाल प्रमाणात वाढवतात. शिवाय, विमान बनल्यावर चूक सापडली तर ती दुरुस्त करायला वेळ आणि पैसा हाती राहत नाही. म्हणून विमान कागदावर असतानाच त्याच्यावर वीज पाडायची.

गणित जुनं आहे, मॅक्सवेलचं, एकोणिसाव्या शतकातलं. ते संगणकाला पचेल असं केन यी यांनी १९६६ मध्ये केलं. पद्धत आपल्या रांगोळीसारखी आहे: सारी जागा ठिपक्यांच्या जाळ्यात बांधायची. फक्त जाळं तीन दिशांचं, आणि विद्युतक्षेत्राचे ठिपके व चुंबकीय क्षेत्राचे ठिपके एकमेकांपासून अर्ध्या घराने सरकलेले. अर्ध्या पावलाला विद्युतक्षेत्रावरून चुंबकीय काढायचं, पुढच्या अर्ध्या पावलाला उलट. असं वेळ पुढे ढकलत जायचं.

आकडे करून पाहू. साठ मीटर लांब, साठ मीटर पंखांचं, वीस मीटर उंच अशा जागेत पाच सेंटिमीटरची घरं पाडली तर ५७ कोटी ६० लाख घरं होतात. प्रत्येक घरात सहा संख्या. घर पाच सेंटिमीटरचं असेल तर वेळेचं पाऊल सेकंदाच्या एक हजार कोटींव्या भागाहून मोठं घेता येत नाही, नाहीतर गणित फुटतं. म्हणजे विजेच्या पहिल्या झटक्याचे पाचशे मायक्रोसेकंद चालून जायला पन्नास लाखांहून जास्त पावलं. त्यात घरापेक्षा कितीतरी बारीक तारा, जाळीचे थर, खिडक्यांच्या फटी हे सगळं वेगळ्या सूत्रांनी घुसडायचं.

यातून जे मिळतं ते अमूल्य असतं. कोणत्या तारांच्या जुडग्यात किती प्रवाह येईल, जुडगं हातभर सरकवलं तर किती कमी होईल, कुठे जाळी वाढवली तर फायदा, कुठे वाढवून नुसतं वजन. दहा रचना उभ्या करून बघायच्या ऐवजी दहा रात्री संगणक चालवायचा.

पण सांधा त्याला दिसत नाही. रिव्हेटच्या बुडाशी रंगाचा एक थर राहून गेला, सीलंट जरा कमी पडलं, दोन पत्रे जोडताना पृष्ठभाग नीट घासला गेला नाही, तर गणितातल्या पाच सेंटिमीटरच्या घरात त्याचा मागमूस नसतो. जोडाला अडीच मिलीओहमपर्यंत रोध चालतो, असा जुना संकेत आहे. अडीच मिलीओहम म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण त्यातून दोन लाख ॲम्पियर गेले की ५०० व्होल्ट उभे राहतात. हे गणित सातवीतल्या मुलालाही करता येईल. तो जोड खरोखर अडीच मिलीओहमचा आहे का, हे मात्र मीटर लावल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून संगणक सांगतो कुठे बघायचं, आणि झटका सांगतो की संगणकाने काय वगळलं होतं. एकाला वगळून दुसऱ्यावर विसंबलं की एल्कटनसारखीच गत होते: डाग सापडतो, वाट सापडत नाही.

* * *

वीज एकटीच बाहेरून येत नाही. रडार, प्रसारण केंद्रं, जहाजांवरचे प्रक्षेपक यांच्या समोरून जाताना विमानावर प्रखर रेडिओलहरी आदळतात. प्रमाणीकरणाच्या कसोटीत काही वारंवारतांना दर मीटरला ३,००० व्होल्टपर्यंतचं क्षेत्र धरलं आहे. त्याच्या चाचण्या वेगळ्याच खोल्यांत होतात. एकीच्या भिंतींवर लहरी गिळणारे फोमचे टोकदार सुळके असतात. दुसरीच्या भिंती धातूच्या असतात आणि मधे एक मोठं पातं गरगर फिरवून लहरी घुसळतात, म्हणजे उपकरणाची कोणतीही बाजू सुटत नाही.

हा विषय मुंबईच्या प्रवाशांपर्यंत एकदा थेट आला होता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत नवी ५-जी सेवा ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होणार होती. विमान जमिनीपासून किती वर आहे हे सांगणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झवर चालतो. मधली जागा पुरेशी आहे का, याचं सर्व विमानांसाठीचं उत्तर वेळेत हाती नव्हतं. १९ जानेवारीला एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणं रद्द केली, त्यात मुंबई–नेवार्कही होतं. चाचण्यांचे खुलासे आले, दुसऱ्या दिवसापासून विमानं पुन्हा निघू लागली. विमान बिघडलं नव्हतं, आभाळ स्वच्छ होतं. फक्त 'तपासलं आहे' असं कुणी सही करून म्हणू शकत नव्हतं.

* * *

भाऊबीजेला भाचा पुन्हा आला तेव्हा अंगणातली रांगोळी पुसट झाली होती. मधे एक परतीची सर येऊन गेली होती. विमानाची रेघ वाहून गेलेली, नाकाजवळचे दोन-तीन ठिपके तेवढे शिल्लक. मी त्याला विचारलं, त्या रात्री नोंदवहीत त्याने काय लिहिलं.

"डागांची संख्या, जागा, प्रत्येकाची खोली. कुठले रिव्हेट बदलले. होकायंत्र आणि रेडिओ तपासले. शिरण्याची जागा. बाहेर पडण्याची जागा. सही, वेळ."

"बाहेर पडण्याच्या जागेपुढे काय लिहिलंस?"

"उजव्या बाजूची शेपटी, तिसरी विक, टोक जळालेलं, बदलली." जरा थांबून म्हणाला, "ती लिहिताना बरं वाटलं, मामा. आधीचे चार रकाने भरून तासभर बसलो होतो."

आईने ओवाळणीचं ताट आणलं. निरांजनाच्या वातीतून एक ठिणगी उडाली आणि ताटातल्या तांदळांत विझली. भाचा तिच्याकडे पाहत राहिला. "ही नापास," तो म्हणाला.